शहराशी बोलणारा रेडिओ

मुंबईतल्या खासगी एफएम वाहिन्यांवर मराठी गाणी पुरेशी वाजत नाहीत, ही तक्रार मी शिकागोत राहून अनेक वर्षे वाचत आलो आहे. ती रास्तच आहे. मात्र इथल्या रॉक स्टेशनांच्या सहवासात एक गोष्ट मनात घट्ट होत गेली : गाण्यांचा हिशेब मांडताना, दोन गाण्यांच्या मध्ये काय बोलता येते, हा त्याहून मोठा प्रश्न आपण बाजूला ठेवला आहे.

इथे 93.1 वर डब्ल्यूएक्सआरटी हे रॉक स्टेशन आहे. लिन ब्रेमर 1991 पासून जवळजवळ तीन दशके त्याचे सकाळचे निवेदक होते. 'लिन्स बिन' या त्यांच्या सदरात श्रोत्याने प्रश्न विचारायचा आणि ब्रेमर यांनी गाण्यांचे तुकडे गुंफलेल्या ललित लेखाने त्याचे उत्तर द्यायचे, अशी रीत होती. मी या शहरात नवखा होतो तेव्हा, हिवाळ्यातल्या अंधाऱ्या सकाळी कामावर जाताना, वस्त्यांची नावे आणि बेसबॉलच्या कब्स संघावरची इथल्या माणसांची माया मला त्या आवाजाने शिकवली. कर्करोगाच्या उपचारांसाठी आपण रजा घेत आहोत, हे 2022 च्या जुलैत त्यांनी स्वतःच श्रोत्यांना सांगितले. 22 जानेवारी 2023 रोजी ते गेले, तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखे मला वाटले.

निवेदकाला मनातले बोलू देणाऱ्या या मोकळिकीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्टीव्ह डाल या निवेदकाचे स्टेशन डिस्को संगीताकडे वळले आणि त्यांची नोकरी गेली. पुढे 'द लूप' या रॉक स्टेशनवर त्यांनी डिस्कोविरुद्ध मोहीम उघडली आणि 12 जुलै 1979 रोजी कोमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या. जमाव मैदानात घुसला आणि त्या दिवशीचा बेसबॉलचा दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को हे प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी समाजांतून वर आलेले संगीत होते, त्यामुळे त्या रात्रीच्या उन्मादात द्वेष होता, असे अनेकांनी नंतर म्हटले आणि मला ते पटते. शिवाय 1996 च्या दूरसंचार कायद्याने देशभरात एका कंपनीकडे किती स्टेशने असावीत यावरची मर्यादाच उठवली आणि मोठ्या कंपन्यांनी शेकडो स्टेशने ताब्यात घेतली. खुद्द 'द लूप' 2018 मध्ये विकले गेले आणि त्या जागी देशभर एकच कार्यक्रम पोहोचवणारी ख्रिस्ती भक्तिसंगीताची वाहिनी आली. तेव्हा अमेरिकेची व्यवस्था जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही.

पण आपल्याकडे ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितले असताना, खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, वाहतूक आणि हवामानही सांगता येते. मात्र तोच रस्ता दरवर्षी का खचतो, यावर अभियंत्याला आणि नगरसेवकाला समोरासमोर बसवून तासभर चर्चा घेण्याचे धाडस कोणती वाहिनी करील? 2017 मध्ये मलिष्का या रेडिओ जॉकीने मुंबईतल्या खड्ड्यांवर विडंबनगीत केले आणि महापालिकेतले सत्ताधारी संतापले. ते गीत एका लोकप्रिय मराठी गाण्याच्या चालीवर होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण शहराच्या दुखण्याविषयी बोलायची वेळ आली, तेव्हा हिंदीत रमलेल्या रेडिओला मराठी आपोआप सापडली.

पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि तो थांबला. त्याच वर्षी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खासगी एफएमला दर तासाला 10 मिनिटे बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस केली. गाण्यांच्या टक्केवारीसाठी निवेदने देणाऱ्या माझ्या मित्रांनी या 10 मिनिटांसाठीही तितक्याच जिद्दीने निवेदने द्यावीत आणि ती मिनिटे मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात मराठीतून भरली जावीत, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.