घोड्यासाठी उत्तम कॅफे कसा निवडावा

आपण घोडा विकत घेतलात, याबद्दल आपले अभिनंदन. तो शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड असो किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने आणलेला मारवाडी असो, सोसायटीच्या वाहनतळावर त्याची सोय होणार नाही, हे समितीने आपल्याला एव्हाना लेखी कळवलेच असेल. तेव्हा पुण्याच्या परिघावर मासिक शुल्क घेऊन इतरांचे घोडे सांभाळणाऱ्या ज्या पागा आहेत, त्यांपैकी एक निवडणे आपल्याला भाग आहे. या कामी जाणकार म्हणवणारी काही मंडळी आपल्याला चारा, पाणी, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार आणि चिखल अशा रुक्ष विषयांत गुंतवू पाहतील. त्यांच्या नादी लागू नये. पागेचे पैसे आपण भरणार आहोत, घोडा नव्हे. आणि जो पैसे भरतो, त्याच्या सोयी आधी पाहाव्यात, हे कोणत्याही सुज्ञ ग्राहकाला पटेल.

म्हणून पागेत शिरताच प्रथम कॅफे पाहावा. तेथील कॉफी, बसण्याची व्यवस्था, मैदान दिसेल अशी काचेची भिंत आणि वायफायचा वेग यांची नीट चौकशी करावी. त्यानंतर खोगीर-लगाम ठेवण्याची खोली वातानुकूलित आहे ना, याची खात्री करून घ्यावी, कारण खोगिराला उकाडा सोसत नाही. घोड्यांच्या ठाणांवर पत्रे आहेत आणि एप्रिलमध्ये ते भाजून निघतात, असे कोणी सांगितल्यास हा प्राणी मूळचा उघड्यावर राहणारा आहे, एवढे उत्तर पुरे.

ठाणाचे माप १२ फूट बाय १२ फूट असावे, असा एक आग्रह आपल्या कानावर येईल. त्याहून गंभीर आग्रह असा की, घोड्याला रोज काही तास मोकळ्या कुरणात, इतर घोड्यांच्या सोबतीने सोडावे. ज्या गुंठ्यावर विवाहपूर्व छायाचित्रणासाठी कमान उभारता येते, त्यावर घोडे नुसते हिंडवणे हा जमिनीचा केवढा अपव्यय आहे, याचा विचार ही मंडळी करीत नाहीत. दिवसाचे तेवीस तास ठाणात उभा असलेला घोडा कालांतराने दारापाशी उभा राहून डावीकडून उजवीकडे झुलू लागतो, किंवा दाराच्या कडेला दात रोवून हवा ओढू लागतो. तो नाचतो आहे, असे समजून त्याचे चित्रीकरण करावे. अशा चित्रफितींना उत्तम प्रतिसाद मिळतो.

आहाराच्या बाबतीत मात्र आपण विशेष सावध राहिले पाहिजे, कारण तज्ज्ञांचा सर्वाधिक उपद्रव येथेच होतो. साधारण ४५० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सात ते नऊ किलो सुकी वैरण लागते, ती थोडीथोडी करून दिवसभर त्याच्या तोंडाशी असावी लागते, कारण त्याच्या जठरात आम्ल अखंड तयार होत असते आणि ते शमवणारी लाळ केवळ चघळतानाच सुटते, असे ते सांगतील. शिवाय एवढ्या मोठ्या जनावराचे जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचे असते, त्याला उलटी करता येत नाही आणि म्हणून पोटशूळ उठला की तो प्राणावर बेततो, हेही ते गंभीर चेहऱ्याने सुनावतील. आपण विचलित होऊ नये. सकाळ-संध्याकाळ चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाची, एकेक भरगच्च बादली, वर मूठभर गूळ आणि मधल्या वेळात रिकामी गव्हाण, ही व्यवस्था पाहायला नीटनेटकी असते. वैरणीच्या काड्या इकडेतिकडे उडत नाहीत आणि पाहुण्यांच्या कपड्यांना चिकटत नाहीत. वैरण साठवण्याची कोठी दाखवा, असे तर चुकूनही म्हणू नये. ती रिकामी असल्यास यजमानाला उगाच अवघडल्यासारखे होते.

आपल्याकडे या विषयाचा जुना वारसा आहे, असे सांगून काही जण इतिहासात शिरतात. शिवकालीन पागेत पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद नेमलेला असे, हा दाखला हमखास येतो. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेल्या पत्राचाही उल्लेख होतो: दाणा-वैरण पावसाळाभर पुरेल अशी जपून वापरा, नाहीतर घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवताला आग लागेल. स्वराज्याचा कारभार सांभाळणाऱ्या माणसाने उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत लक्ष घालावे, हे आजच्या व्यवस्थापनशास्त्रात बसत नाही. आधुनिक पागेत महाराजांचा अश्वारूढ पुतळा प्रवेशद्वाराशी असतो, तेवढे पुरेसे आहे. त्याच्या मागे गवताच्या गंजीला टेकून कोणी सिगारेट ओढत असेल, तर छायाचित्राची चौकट थोडी सरकवून घ्यावी.

एका मोतद्दाराकडे किती घोडे आहेत, हा प्रश्न असभ्य आहे. तो कोठे झोपतो, त्याला पगार वेळेवर मिळतो का आणि तो गावी गेल्यावर खरारा कोण करतो, हे प्रश्न त्याहून असभ्य आहेत. घोड्याने रात्री पाणी प्यायले नाही, लीद टाकली नाही किंवा एक पाय उचलून धरला, हे सर्वांत आधी ज्याच्या लक्षात येते तो हाच माणूस असला, तरी माहितीपत्रकात त्याचे छायाचित्र नसते, यावरून त्याचे महत्त्व आपण ताडावे. प्रशिक्षकाचे छायाचित्र असते आणि तेही परदेशी टोपीसह असते.

पावसाळा हा पागेच्या जाहिरातीत नसलेला ऋतू आहे, म्हणून पाहणी जानेवारीत उरकून घ्यावी. त्या दिवसांत पाण्याचा निचरा कसा होतो हे कळायला मार्ग नसतो, ओल्या बिछायतीतून येणारा मुताचा उग्र दर्प नसतो, खूर सडण्याची दुर्गंधी नसते आणि पावसाच्या मागोमाग येणाऱ्या चावऱ्या माश्यांनी पसरवलेल्या रोगाचा, सर्राचा, शब्दही कोणी उच्चारत नाही. नवीन आलेला घोडा काही दिवस वेगळा ठेवता का आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी केल्याखेरीज कोणाला आत घेता का, असे विचारल्यास आपण संशयी स्वभावाचे ठराल. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी येतो की नाल गळून पडल्यावर, हेही विचारू नये. मैदान मात्र २० मीटर बाय ६० मीटरचे हवे आणि त्याच्या कडेला स्वाराला वळण्या-थांबण्याच्या जागा दाखवणारी अक्षरे लावलेली हवीत; आपल्याला त्यावर चालीपलीकडे काही जमत नसले, तरी अक्षरांमुळे चित्र भारदस्त येते.

करारपत्र वाचण्यात वेळ दवडू नये. आजारपण, इजा आणि मृत्यू यांची जबाबदारी मालकाची, असे त्यात बारीक अक्षरांत असतेच. अपरात्री पशुवैद्य बोलावण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्यात नसते. त्यामुळे तो कोणालाच नसतो आणि वाद उद्भवत नाही.

शेवटी, पाहणीची वेळ रविवारी संध्याकाळी पाचची ठेवावी. तेव्हा घोड्यांच्या अंगावर पाणी मारलेले असते, मोतद्दारांनी गणवेश घातलेले असतात आणि प्रकाश मृदू असतो. पूर्वसूचना न देता एखाद्या मंगळवारी पहाटे साडेपाचला मात्र कदापि जाऊ नये. तेव्हा रात्रभर कोरड्या राहिलेल्या बादल्या, चाटून पुसलेल्या गव्हाणी आणि कालच्याच लिदीत उभे असलेले घोडे दृष्टीस पडण्याचा संभव असतो, आणि कॅफे तर आठशिवाय उघडत नाही.