विषयांतर करू नये

तर तुम्ही केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलीत आणि आता तुम्हाला इतिहास शिकावासा वाटतोय. होतं असं कधी कधी. घरी इतक्यात सांगू नका आणि पुढचं नीट वाचा.

आधी दिशा तपासा. विज्ञानाकडून कलाशाखेकडे येणाऱ्याला आपली बहुतेक विद्यापीठं अडवत नाहीत. कुठलाही पदवीधर इतिहासात किंवा मराठीत एम.ए. करू शकतो. नातेवाईक म्हणतील ‘घसरला’, पण प्रवेश मिळतो. उलट दिशेने जायचा विचार मात्र मनातही आणू नका. बी.ए. झाल्यावर भौतिकशास्त्राची गोडी लागली असेल, तर ते दुखणं अंगावर काढावं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी अकरावीच्या फॉर्मवर तुम्ही (किंवा तुमच्या बाबांनी) जी खूण केली, तीच तुमची कायमची बौद्धिक कुवत. ती नंतर वाढली असेल, तर तो तुमचा खासगी प्रश्न आहे.

आता कागदपत्रं. नवीन कॉलेज टीसी मागेल. जुनं कॉलेज म्हणेल, आधी तिकडे प्रवेश झाल्याचं पत्र आणा. मग दुसऱ्या विद्यापीठाचं मायग्रेशन, एलिजिबिलिटी, आणि मध्ये वर्ष-दोन वर्षं गेली असतील तर गॅप सर्टिफिकेट. या गॅपच्या प्रतिज्ञापत्रात तुम्ही शपथेवर सांगायचं असतं, की या काळात मी कुठेही शिकत नव्हतो. त्या दोन वर्षांत तुम्ही लायब्ररीत बसून मोडी वाचायला शिकला असाल, तर कृपया उल्लेख टाळा. काहीच केलं नाही, हे स्वच्छ उत्तर आहे; त्याला शिक्का लगेच मिळतो. आणि हो, एकाच वेळी दोन पदव्या करायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ पासून परवानगी दिली आहे. फक्त दोन्ही कॉलेजांना तुमची मूळ टीसी हवी असते. ती एकच असते, याला यूजीसी काय करणार?

धोरण तुमच्या बाजूने आहे, हे विसरू नका. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षणाचं इतकं कौतुक आहे की वाचता वाचता डोळे भरून येतात. एप्रिल २०२५ मध्ये तर यूजीसीने नियमच काढला: बारावीला विषय कोणतेही असोत, प्रवेश परीक्षा पास व्हा आणि हव्या त्या शाखेत जा, पदव्युत्तरलाही तेच. याची प्रिंट काढून खिडकीवर दाखवा. खिडकीतून उत्तर येईल, “आमच्याकडे अजून परिपत्रक आलेलं नाही.” वाद घालू नका. जेवणाची सुट्टी जवळ आलेली असते.

पण समजा, तुम्ही सगळं पार करून नव्या विषयात एम.ए. झालात, सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा काढलीत, पीएच.डी.सुद्धा केलीत. अभिनंदन. आता तुमचा खरा विषय कोणता, हे नोकरीच्या मुलाखतीत ठरेल. नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला ‘संबंधित किंवा संलग्न’ विषयात पंचावन्न टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी लागते; ती तुमच्याकडे आहेच. तरी समितीतले एक सर चष्मा कपाळावर नेऊन विचारतील, “पण तुमचं मूळ केमिस्ट्री ना?” या ‘मूळ’वर उपाय नाही. आंतरविद्याशाखीय संशोधनाचं आपल्याकडे आंतरजातीय लग्नासारखं आहे: व्यासपीठावर हार घालतील, बैठकीच्या खोलीत विचारतील, “पण मूळचे कुठले?” इतिहासवाले तुम्हाला केमिस्ट्रीचे समजतील, केमिस्ट्रीवाल्यांनी तुमचं नाव केव्हाच कापलेलं असेल. तासिका तत्त्वावर मात्र कोणीही चालतं. तिथे मूळ विचारत नाहीत, पगारही वेळेवर देत नाहीत.

या वेळी कोणी तुम्हाला दा. ध. कोसंबींचं उदाहरण देईल. ऐकू नका. गोव्यात जन्मलेला हा माणूस फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचा. पुढे त्याने जुनी नाणी तराजूत तोलून त्यांना संख्याशास्त्र लावलं, १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली आणि १९५६ मध्ये एका पुस्तकाने भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशाच बदलली. पदवी काय, तर हार्वर्डची १९२९ ची बी.ए. ना एम.ए., ना पीएच.डी., ना सेट. आज त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता, आणि नाण्यांवरचे शोधनिबंध कुठल्या विषयाखाली मोजायचे यावरून दोन विभागांत पत्रव्यवहार सुरू राहिला असता. त्यांच्या नशिबाने त्या काळी छाननी समित्या एवढ्या जागरूक नव्हत्या.

तरीही विषय बदलायचाच असेल, तर या देशात एक राजमार्ग आहे. यूपीएससी द्या. तिथे कुठलीही पदवी चालते आणि ऐच्छिक विषयाचा पदवीशी संबंध असावा लागत नाही. इंजिनिअर होऊन मराठी साहित्य घ्या, डॉक्टर होऊन मानववंशशास्त्र घ्या, कोणी ‘मूळ’ विचारणार नाही. पुढे आयएएस झालात की पशुसंवर्धनातून वस्त्रोद्योगात आणि वस्त्रोद्योगातून उच्च शिक्षणात एका आदेशावर जाल. ना ब्रिज कोर्स, ना गॅप सर्टिफिकेट. आणि उच्च शिक्षण खात्यात आलात की पहिल्या आठवड्यात टेबलावर एक फाईल येईल: केमिस्ट्रीच्या पदवीधराला इतिहास शिकवू द्यावा काय? शेरा तुम्हीच मारायचा आहे. सहीसाठी हिरवी शाई वापरा.