गेज चुकलंय की रे!

गेल्या डिसेंबरात मी इथल्या, म्हणजे आयर्लंडच्या, रेल्वेच्या एका डिझेल इंजिनाचं मॉडेल घेतलं. १४१ क्लास, काळा-केशरी रंग, लांबी जेमतेम वीतभर. अमेरिकेतून जनरल मोटर्सकडून १९६२ साली अशी ३७ इंजिनं आयर्लंडला आली होती. खिडकीच्या काचेचे वायपरसुद्धा मॉडेलवर वेगळे बसवलेत, हॉर्न वेगळा, पायऱ्या वेगळ्या. मी लहान पोरासारखा खूश. संध्याकाळी कुर्डुवाडीला व्हिडिओ कॉल लावला आणि आण्णांना दाखवलं. आण्णांचं सगळं आयुष्य तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेलं, बार्शी लाइटच्या अडीच फुटी नॅरोगेजवर. त्यांनी कौतुक वगैरे काही केलं नाही. म्हणाले, "समोरनं दाखव." दाखवलं. "खाली घे जरा. रुळाच्या लेव्हलला." घेतलं. चष्मा सारखा करून बघितलं आणि म्हणाले, "चाकं आत गेलीत. गेज चुकलंय की रे!"

बायको फिदीफिदी हसली. मला हसता येईना, कारण आण्णा बरोबर होते.

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आयर्लंडचा रूळ ५ फूट ३ इंचांचा, म्हणजे १६०० मिलिमीटर. इंग्लंडचा ४ फूट साडेआठ इंच, आपला ५ फूट ६ इंच. ही मधलीच रुंदी आली कुठून? १८३४ साली डब्लिन ते किंग्जटाऊन (आजचं डून लेरी) ही इथली पहिली लाइन सुरू झाली, ती इंग्लंडच्या मापाची. बेलफास्टकडच्या अल्स्टर रेल्वेने ऐसपैस ६ फूट २ इंच धरले. डब्लिन-द्रोहेडावाल्यांनी स्वस्तात पडतं म्हणून ५ फूट २ इंच. उद्या या गाड्या एकमेकींना भेटायच्या कशा, यावरून जुंपली. लंडनहून मेजर जनरल पास्ली यांना निवाड्याला बसवलं. त्यांनी नामांकित इंजिनिअरांची मतं घेतली. कुणी पाच फूट म्हणे, कुणी साडेपाच. पास्लीसाहेबांनी बरोब्बर मधोमध रेघ मारली, ५ फूट ३ इंच. भावकीतल्या बांधाच्या भांडणात तलाठी काढतो तसला तोडगा! १८४६ ला त्याचा कायदा झाला आणि ज्यांचे रूळ आधीच पडले होते त्यांना ते उखडून पुन्हा टाकावे लागले. हे माप आज आयर्लंडबाहेर दिसतं ते ऑस्ट्रेलियाच्या काही भागात आणि ब्राझीलमध्ये.

आता मॉडेलचं गणित. इथे चालतो तो ओओ स्केल, एका फुटाला ४ मिलिमीटर. म्हणजे सव्वापाच फुटांचे झाले २१ मिलिमीटर. पण बाजारात तयार मिळणारा रूळ साडेसोळाचा. हा रूळ ब्रिटिश गाड्यांनासुद्धा अरुंदच, त्यांना जवळपास १९ लागतात. तर आयरिश इंजिनाच्या दोन्हीकडच्या चाकांमधलं अंतर साडेचार मिलिमीटरने कमी करून ते उभं केलेलं असतं. बाजूने बघा, राजबिंडं. समोरून बघा, थंडीत पाय जवळ घेऊन एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखं. आण्णांना मी म्हणालो, आपल्या भारतीय गाड्यांची एचओ (खऱ्याच्या ८७ पट लहान) मॉडेलंसुद्धा याच साडेसोळावर पळतात, त्यांना १९ च्या वर पाहिजेत. ते म्हणाले, "मग तीबी चुकलीत."

ही पोस्ट लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. माझ्या ओळखीत मॉडेल जमवणारे आता बरेच झालेत, आयरिशही आणि आपलेही, आणि त्यातले निम्मेअधिक लोक खोका उघडत नाहीत. "उघडलं की किंमत पडते." अरे, मग सोन्याचं वळं घ्या! दीडशे-दोनशे युरो मोजून आणलेलं इंजिन, ज्यात मोटर आहे, दिवे आहेत, ते कपाटात प्लास्टिकच्या साच्यात झोपवून ठेवायचं? मला हे पटत नाही, आणि इथे तर त्याहून पटत नाही. या देशात मॉडेल रेल्वे हा नुसता शौक नाही. खरी रेल्वे फार मोठ्या प्रमाणात नाहीशी झालेला हा देश आहे.

१९२० च्या सुमारास या बेटावर साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास रूळ होते. आज त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. नकाशावर वायव्येला डोनेगल बघा, तीन फुटी नॅरोगेजचं केवढं जाळं होतं तिथे. १९५९ च्या शेवटच्या दिवशी उरलेली प्रवासी गाडीही थांबली आणि आज त्या अख्ख्या काउंटीत रेल्वे नाही. आमच्या बार्शी लाइटची छोटी गाडी गेली तेव्हा आण्णा दोन दिवस नीट जेवले नव्हते, पण तिच्या जागी निदान ब्रॉडगेज तरी आली. डोनेगलला गाडीच्या जागी बस आली.

वेस्ट क्लेअर रेल्वे १९६१ ला बंद पडली. तिची गंमत अशी, की गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करणारा पर्सी फ्रेंच १८९६ साली तिच्या उशिरामुळे कार्यक्रमाला वेळेवर पोचला नाही. पठ्ठ्याने कंपनीवर दावा लावला, १० पौंड भरपाई मिळवली आणि वर तिच्यावर एक गाणं रचलं. आजही त्या रेल्वेचं नाव काढलं की इथली म्हातारी माणसं ते गुणगुणतात. (आपल्या लोकलवर असे दावे लागायला लागले तर कोर्टं दुसरं काही करणारच नाहीत.)

आणि केरीतली लिस्टोवेल-बॅलीबनियन. १८८८ ते १९२४. एकच रूळ, तोही जमिनीपासून वर, घोडीवर टाकलेला. गाडी त्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसायची, गाढवावर गोण्या टाकतात तशी. दोन्ही बाजूंचं वजन सारखं पाहिजे. म्हणून गाय पाठवायची तर दुसऱ्या बाजूला दोन वासरं, आणि परत येताना एक वासरू इकडे, एक तिकडे, असा किस्सा तिथले लोक अजून रंगवून सांगतात.

रोजच्या प्रवासातलं उदाहरण देतो. मी लुआस ट्रामच्या ग्रीन लाइनने कामाला जातो. मिलटाउनला ट्राम एका जुन्या दगडी, नऊ कमानींच्या पुलावरून जाते. हा पूल हारकोर्ट स्ट्रीट रेल्वेचा. ही चांगली चालती लाइन १९५८ च्या ३१ डिसेंबरला बंद केली आणि रूळ उचलले. पुढे शहर त्याच बाजूला वाढलं, रस्ते तुंबले आणि २००४ साली त्याच पट्ट्यावरून ट्राम आणली. मधल्या काळात डंड्रमचा जुना पूल पाडलेला, तर तिथे तारांनी तोललेला नवा पूल उभारावा लागला. त्याला नाव दिलं विल्यम डार्गनचं. हा डार्गन म्हणजे १८३४ ची ती पहिली लाइन बांधणारा कंत्राटदार. कुठे असेल तिथे डोक्याला हात लावून बसला असेल बिचारा. मोटारी आल्या, प्रवासी घटले, तोटा होता, हे सगळं मला मान्य आहे. गाडी थांबवा, पण जमिनीचा पट्टा आणि पूल का विकता, का पाडता? एवढंच माझं म्हणणं.

जे उरलंय ते मात्र डोळे भरून बघावं असं. डब्लिनला कुणी पाहुणा आला की मी त्याला डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, ग्रेस्टोन्सला नेतो, डाव्या खिडकीला बसवून. किलिनीच्या वळणावर खाली समुद्र उघडतो आणि माणूस बोलायचा थांबतो. ब्रेच्या पुढे डोंगराच्या कड्यातून बोगदे आहेत. ही वाट ब्रुनेल या नामांकित इंग्रज इंजिनिअरने आखली, आणि समुद्र कडा खातो म्हणून तिथले रूळ आजवर कितीदा तरी आत सरकवावे लागलेत. डार्ट १९८४ मध्ये सुरू झाली ती १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे १९२५ ला मुंबईत पहिली विजेची गाडी धावली तीच वीज. मुंबईने ती सोडली, २५ हजार व्होल्टवर गेली. डार्टमध्ये बसलं की मला उगाच आपल्या जुन्या लोकलच्या पोटातला तो घुमणारा आवाज आठवतो.

कॉर्कला गेलात तर केंट स्टेशनात १८४७ सालचं ३६ नंबरचं वाफेचं इंजिन ठेवलंय ते बघा. आणि निघताना डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवर क्षणभर थांबा. १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावानंतर फाशीवर नव्हे, गोळ्या घालून मारलेला शॉन ह्यूस्टन हा रेल्वेतलाच कारकून, पंचविशीतला. याच स्टेशनात कामाला होता. ५० वर्षांनी, १९६६ मध्ये, देशातल्या १५ स्टेशनांना त्या उठावातल्या माणसांची नावं दिली, त्यात कारकुनाचं नाव त्याच्याच ऑफिसला लागलं.

मॅलाहाइडमध्ये एक छोटं मॉडेल रेल्वेचं संग्रहालय आहे. सिरिल फ्राय नावाचा माणूस इंचिकोरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होता. मूळ ड्रॉइंग हाताशी, त्यावरून त्याने घरी एकेक इंजिन, एकेक डबा हाताने घडवला. लेकीला घेऊन गेलो होतो. ती विचारते, "बाबा, ही खरी गाडी कुठे बघायला मिळेल?" बऱ्याच गाड्यांना उत्तर एकच होतं, इथेच. पुण्यात कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वेत लहानपणी आण्णांनी मला नेलं होतं, तिथे मी असाच काचेला नाक लावून उभा होतो.

म्हणून म्हणतो, खोकी उघडा. चालवा. टोकाचा धक्के झेलणारा बफर तुटेल, तुटू दे. माझ्या एका इंजिनाचा बफर पार्सलमधूनच तुटून आला. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "बॉक्स उघडल्यामुळे परत घेता येणार नाही." न उघडता बफर बघायचा कसा, ते त्याने सांगितलं नाही. लेकीने टाचणीचं डोकं कापून चिकटवलं. आता ते इंजिन सगळ्यात जास्त पळतं.

आण्णांचं ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. इथे काही अवलिये २१ मिलिमीटरचा रूळ स्वतः हाताने टाकतात. मी त्यांना इतके दिवस वेडे समजत होतो. फेब्रुवारीत मीही बसलो. तांब्याचा पत्रा चढवलेल्या पट्ट्यांचे स्लीपर कापले, त्यावर रूळ ठेवून सोल्डरिंगने एकेक डाग दिला. दोन बोटं भाजली, स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक काळा ठिपका कायमचा पडला, त्यावर घरात स्वतंत्र चर्चा झाली. तीन रविवारांत अर्धा मीटर रूळ तयार. व्हर्निअरने दर दोन इंचांवर मापला, २१ म्हणजे २१. वर खडी पसरली, गोंद सोडला.

मग आण्णांना कॉल लावला. त्यांनी परत रुळाच्या लेव्हलला फोन धरायला लावला, एका डोळ्याने सरळ रेषेत बघितलं, गँगमन बघतो तसं. "हां. आता बरोबर पडलाय." मी फुलून गेलो.

"आता इंजिन ठेव त्याच्यावर."

ठेवलं. साडेसोळाची चाकं दोन रुळांच्या मधे स्लीपरवर जाऊन बसली, खडीत रुतल्यासारखी. पलीकडे कुर्डुवाडीत आण्णा इतके हसले की आई आतून बघायला आली.