फोन हॅक झालाय का हो तुमचा?

कंपनीने माझ्या फोनला कधीच वाऱ्यावर सोडलंय. बॅटरी ठीक, स्क्रीन ठीक, फक्त अपडेट बंद, म्हणजे घ्या नवीन. मी नाही घेतला, बूटलोडर अनलॉक केला, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कंपनीचं कुलूप काढलं, नवी सिस्टीम टाकायला लागते ती रिकव्हरी फ्लॅश केली, लिनिएजओएस हे लोकांनीच बनवलेलं अँड्रॉइड टाकलं आणि म्हातारा पळायला लागला. नवीन अँड्रॉइड, ताजे सिक्युरिटी पॅच, कंपनीची नको ती ॲप्स गायब. यात नवल काहीच नाही, सॅमसंगचा २०११ चा गॅलेक्सी एस टू कंपनीने अँड्रॉइड ४.१ वर सोडला होता, लोकांनी त्यावर ७.१ चालवून दाखवलं, तेही फुकटात, स्वतःच्या झोपा मोडून.

आणि काल काउंटरवर पैसे देताना बँकेचं ॲप म्हणतं, सुरक्षेच्या कारणास्तव या डिव्हाइसवर चालणार नाही. बरं म्हणतं ते म्हणतं, मागच्या काकांनी खांद्यावरून डोकावून ते अख्ख्या रांगेला मोठ्याने वाचून दाखवलं!

"हॅक झालाय का हो?"

"नाही काका, कस्टम रॉम आहे, म्हणजे कंपनीची नसलेली सिस्टीम. बूटलोडर अनलॉक केलाय ना, म्हणून."

"अनलॉक केलाय? मग लॉक करा की!"

आता यांना कसं सांगू की रॉम तसाच ठेवून लॉक करायला गेलं तर बऱ्याच फोनांची थेट वीट होते, म्हणजे फोन सुरूच होत नाही. मी नुसता हसलो. तेवढ्यात एका बाईंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, ते मला दिसलं बरं का.

"सिम काढून फुंकर मारा," काका. "आमच्या जावयाचं तसंच चालू झालं."

मग काकांनी स्वतःचा फोन काढला. काचेला आडवा तडा, लॉकबिक काही नाही, पारदर्शक कव्हरच्या आत चिठ्ठी आणि चिठ्ठीवर चक्क पिन. वर्षानुवर्षं एक पॅच आलेला नसणार. टिंग! झालं पेमेंट.

कारण बँकेची ॲप्स फोन तपासायला वापरतात ती गूगलची प्ले इंटिग्रिटी भानगड कुलूप कंपनीचंच आहे का एवढं बघते, आतला माल किती शिळा आहे याच्याशी बहुतेक वेळा तिला घेणं नाही. मॅजिस्क नावाचं टूल टाकून या तपासणीपासून लपवाछपवी करता येते, केलीही आहे, पण पुढचं अपडेट आलं की पहिले पाढे पंचावन्न. फोन माझा, पैसे माझे आणि चोरासारखं लपायचं मीच. चालते फोन टाकायला लावून वर या कंपन्या पर्यावरणावर भाषणं देणार!

माझ्याकडे रोख नव्हती. काकांनीच माझेही पैसे भरून टाकले, भला माणूस, नाही कशाला म्हणू. मी म्हटलं, नंबर द्या, संध्याकाळी रोख आणून देतो.

"रोख नको हो, सांभाळत कोण बसणार," काका म्हणाले, "ॲपवरून पाठवा."