मार्क जर्नलला की हाताला?

नळस्टॉपच्या कट्ट्यावर पहिलं कटिंग यायच्या आतच नाना सुरू झाला. "प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मार्क जर्नललाच हवेत! इंडेक्स पूर्ण, सगळ्या सह्या, अक्षर सुवाच्य. पोरगं वर्षभर बसलंय हे दिसतं."

"दिसतं ते अक्षर," मेधा म्हणाली. "तुझ्या स्कूटरच्या सर्व्हिसबुकातही सगळे शिक्के आहेत. परवा कर्वे रोडवर ढकलत कोण चाललं होतं?"

"पेट्रोल संपलं होतं!"

"महिन्यात तीनदा?"

मेधा लॅब घेते, पाणी कुठे मुरतं ते तिला पक्कं ठाऊक. तिच्या मते कोरा स्क्रीन द्यायचाच नाही. लिंक्ड लिस्टचा 60 ओळींचा सी प्रोग्राम द्यायचा, आत दोन चुका पेरून. लिंक्ड लिस्ट म्हणजे नोड नावाच्या डब्यांची साखळी, प्रत्येक डब्यात पुढच्याचा पत्ता. पहिली चूक म्हणजे पहिलाच नोड काढला तर हेड, म्हणजे साखळीच्या सुरुवातीचा पत्ता, पुढे सरकत नाही. दुसरी, लिस्ट मोकळी करताना आधी नोड फ्री केलेला, म्हणजे त्याची मेमरी परत दिलेली, आणि मग त्याच नोडचं नेक्स्ट, म्हणजे पुढचा पत्ता, वाचलेलं.

"ही दुसरी फार लबाड. फ्री केलेल्या जागेतला मजकूर कधी तसाच राहतो, कधी बदलतो. म्हणून पोरं छातीठोक सांगतात, मॅडम, माझ्याकडे चालतोय! ओळींचे नंबर कळावेत म्हणून हायफन-जी लावून कंपाइल करा, मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या व्हॅलग्रिंडखाली चालवा. 'इन्व्हॅलिड रीड' आणि ओळीचा नंबर समोर येतो. तो वाचून दुरुस्ती केली की 50 पैकी 30 तिथेच द्यावेत."

"कॉपीचं काय?" सुहासने विचारलं.

"मॉस लाव. एकसारखे कोड शोधून काढतं, 1994 पासूनचं, स्टॅनफर्डच्या सर्व्हरवर चालतं. व्हेरिएबलची नावं बदलून ते फसत नाही. पण दुसऱ्याने नव्याने लिहून दिलेला कोड त्याला कसा कळणार?"

"मग गिट बघा," नाना उसळला. "कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद असते त्यात. 40 कमिट, म्हणजे 40 नोंदी, रोजची तारीख!"

"कमिटवर हवी ती तारीख टाकता येते, नाना."

नाना घटकाभर गप्प बसला, मग म्हणाला, "बॅचला 20 पोरं, 3 तास. एकेकाला 9 मिनिटं. काय डोंबल बघणार?"

हा मुद्दा खरा होता. मेधाने बोटं मोडत हिशोब मांडला. पहिली 90 मिनिटं सगळ्यांनी एकदम काम करायचं, शेजाऱ्याच्या प्रोग्रामात वेगळ्या चुका. उरलेल्या वेळात प्रत्येकाच्या मशीनपाशी साडेचार मिनिटं आणि एकच प्रश्न: या दोन ओळी उलटसुलट केल्या तर काय होईल? आधी सांग, मग चालवून दाखव. अंदाज चुकला तरी का चुकला ते सांगता आलं, तर मार्क. घोकंपट्टी इथेच उघडी पडते, आणि ज्याला कळलंय त्याला अक्षराची भीती उरत नाही.

"साडेचार मिनिटं!" नाना म्हणाला. "बिल द्यायला तुला अर्धा तास लागतो."

"गेल्या गुरुवारचं बिल तुझ्याकडे आहे. सही कुणाची, इंडेक्स बघ!"

चहावाल्यासकट सगळे हसत सुटले, आणि बिल सुहासने दिलं.