सगळे घेतात म्हणून आपणही घ्यायच्या का या गोळ्या?

घरच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का नाही, आणि दर दोन मेसेजमागे कोणीतरी मलाच मध्ये ओढतं, "तू अमेरिकेत आहेस ना, तिकडे तर सगळे घेतात!" घेतात की, भरपूर लोक घेतात. पण इकडच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे सप्लिमेंट बाजारात आणायच्या आधी ते गुणकारी आहे असं एफडीएला (इकडच्या सरकारी अन्न-औषध खात्याला) दाखवून मंजुरी घ्यावी लागत नाही, आणि बाटलीवर असा काही दावा असेल तर खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं की हा दावा एफडीएने तपासलेला नाही. म्हणजे इकडचं आहे म्हणून पारखलेलं आहे, हे मनातून काढून टाका.

दुसरी पार्टी म्हणते की या गोळ्यांत भेसळ असते, म्हणून नको. मला वाटतं भांडण चुकीच्या जागी चाललंय, कारण ज्या मोठ्या चाचण्यांत नुकसान दिसलं त्यात गोळ्या मोजूनमापून, चांगल्याच दिलेल्या होत्या. फिनलंडमध्ये 29 हजारांवर सिगरेट ओढणारे पुरुष घेतले, त्यातल्या काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (गाजरातलं नारिंगी द्रव्य, हेही अँटिऑक्सिडंटच) दिलं, कॅन्सर टळेल या आशेनं, आणि 1994 मध्ये निकाल आला तर ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर उलट 18 टक्के जास्त! अमेरिकेतली तशीच एक चाचणी 1996 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, तिथे तर 28 टक्के जास्त. मग व्हिटॅमिन ई, रोज 400 युनिट, 2011 चा निकाल, प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्के जास्त. हे आकडे वाचल्यावर "घेतलं तर काय बिघडतं" हे वाक्य मला ऐकवत नाही.

अँटिऑक्सिडंट ज्यांना निकामी करतात ते फ्री रॅडिकल्स, म्हणजे शरीरात तयार होणारे अतिक्रियाशील रेणू, पेशींना इजा करतात हे खरंच आहे, पण आपल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात, आणि व्यायाम केल्यावर शरीराला सुधारायचा इशाराही त्यांच्याकडूनच मिळतो. 2009 च्या एका अभ्यासात सी आणि ई च्या गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामाने इन्सुलिनच्या बाबतीत जो फायदा व्हायला हवा तो झालाच नाही. घाम गाळायचा आणि वर गोळी घेऊन त्याचा उपयोग घालवायचा, कशाला?

खरीच कमतरता असेल, डॉक्टरांनी तपासून दिलं असेल तर जरूर घ्या, तो विषय वेगळा. डोळ्यांच्या मॅक्युलर डीजनरेशनमध्येही (उतारवयात नजरेचा मधला भाग अधू होतो तो आजार) ठराविक टप्प्यावर ठराविक मिश्रणाचा उपयोग होतो, फक्त त्याच्या जुन्या फॉर्म्युल्यात बीटा कॅरोटीन होतं आणि 2013 पासून त्याच्या जागी ल्युटिन-झियाझँथिन ही दुसरी दोन अँटिऑक्सिडंट सुचवतात. तेव्हा ग्रुपवर ज्यांच्या घरी कोणी सिगरेट ओढतं किंवा पूर्वी ओढायचं, त्यांनी कृपा करून आजच बाटली उलटी करून बीटा कॅरोटीन लिहिलंय का ते बघा आणि असेल तर डॉक्टरांना विचारा.