सदोष न्यूक्लिअर डेटावर जगातल्या भट्ट्या सहा वर्षं चालल्या? नाही, चालल्या नाहीत

एक मेसेज सध्या वेगवेगळ्या ग्रुपांतून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: अमेरिकेने २०१८ साली काढलेली ‘न्यूक्लिअर डेटा लायब्ररी’ सदोष होती हे आता त्यांनीच कबूल केलं आहे, म्हणजे सहा वर्षं जगभरच्या अणुभट्ट्या चुकीच्या आकड्यांवर चालल्या. साध्या ऑक्सिजनच्या आकड्यात तीस टक्के चूक निघाली आणि एवढ्या चुकीवर भट्टी कधीही बॉम्बसारखी फुटू शकते. शास्त्रज्ञ उत्तर जुळेपर्यंत आकडे फिरवतात. प्रयोग कुणी करत नाही, कॉम्प्युटर आकडे तयार करतो. आणि हे सगळं गुप्त ठेवलं जातं.

असे मेसेज मी एरवी पुसून टाकतो. पण हा आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘पोरीला अजून विषय बदलता येईल का बघा.’ पोरगी म्हणजे माझी भाची. ती नेमकं याच विषयात पीएचडी करते आहे. ज्या मुलीने रात्री जागून हा अवघड विषय धरला, तिच्या बापाच्या मनात एका फॉरवर्डने शंका पेरली, याचा मला राग आला आहे. भट्टीच्या गाभ्याची गणितं करण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून दाजी, तुमच्यासाठी आणि ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

आधी ही लायब्ररी म्हणजे काय ते सांगतो. एखाद्या ऊर्जेचा न्यूट्रॉन युरेनियम-२३५ च्या केंद्रकावर आला तर विखंडन होण्याची, म्हणजे ते केंद्रक फुटण्याची शक्यता किती, तो नुसताच गिळला जाण्याची किती, आपटून दुसरीकडे जाण्याची किती, विखंडनातून सरासरी किती नवे न्यूट्रॉन निघतात, या सगळ्यांचे आकडे. शक्यतेच्या या मापाला क्रॉस सेक्शन म्हणतात आणि ते बार्न या एककात मोजतात. हे प्रत्येक समस्थानिकासाठी, न्यूट्रॉनच्या अगदी मंद ते अतिवेगवान अशा साऱ्या ऊर्जांसाठी लागतं. अमेरिकेची लायब्ररी ईएनडीएफ/बी, युरोपची जेफ, जपानची जेंडल, चीनची सेंडल, रशियाची ब्रॉन्ड. ईएनडीएफ/बी ची पहिली आवृत्ती १९६८ ची. तेव्हापासून ती सुधारतेच आहे.

आता मेसेजमधला सर्वांत खोटा आणि सर्वांत घातक मुद्दा: ‘सहा वर्षं सदोष आकडे’. याचं मूळ मला सापडलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ईएनडीएफ/बी ची ८.० ही आवृत्ती आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ८.१. ही ८.१ तयार करणाऱ्यांनी जो मोठा अहवाल लिहिला आहे, त्याच्या सारांशातच म्हटलं आहे की डेटातल्या अडचणींमुळे, जास्त जळालेल्या इंधनाच्या बाबतीत, ८.० व्यावसायिक अणुऊर्जेत यशस्वीपणे वापरात येऊ शकली नाही. पुढे लिहिलं आहे की युरेनियम-२३८ आणि प्लुटोनियमच्या २३९, २४०, २४१ या समस्थानिकांचा रेझोनन्स भागातला (काही ठरावीक ऊर्जांना केंद्रक न्यूट्रॉनला एकदम जास्त पकडतं, तो भाग) डेटा सुधारून ही अडचण दूर केली, आणि आता जळणाच्या बाबतीत नवी लायब्ररी जुन्या ७.१ सारखीच वागते.

वाक्य नीट वाचा. ‘वापरात येऊ शकली नाही.’ मेसेज लिहिणाऱ्याने यातून ‘सहा वर्षं भट्ट्या याच आकड्यांवर चालल्या’ असा अर्थ काढला. अहवाल सांगतो त्याच्या बरोबर उलट. अडचण दिसली म्हणून व्यावसायिक गणितं २०११ च्या ७.१ सारख्या जुन्या, पारखलेल्या डेटावरच राहिली. एका आवृत्तीवरून दुसरीवर जाणं म्हणजे फोनमधलं ॲप अपडेट करण्यासारखं नसतं. गणिताचा प्रोग्राम, त्याची लायब्ररी आणि प्रत्यक्ष भट्टीत मोजलेले आकडे हे सगळं पुन्हा एकदा जुळवून दाखवावं लागतं, आणि जुळलं नाही तर जुनंच चालू राहतं. २०१८ नंतर नेमकं तेच घडलं.

अडचण काय होती तेही सांगतो, कारण ती समजली की मेसेजचा निम्मा जोर आपोआप गळतो. भट्टीत इंधन जळत जातं तसं युरेनियम-२३८ न्यूट्रॉन गिळून प्लुटोनियम होत जातं. इंधनाच्या आयुष्यात मिळणाऱ्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा या प्लुटोनियमचा असतो. ८.० मध्ये अनेक समस्थानिकांचे आकडे सुटे सुटे पाहिले तर आधीपेक्षा चांगले होते. पण सगळे एकत्र करून जळणाचं गणित केलं की इंधन जसजसं जुनं होई तसतशी त्याची रिॲक्टिव्हिटी, म्हणजे विखंडनाची साखळी चालू ठेवण्याची ताकद, गरजेपेक्षा जास्त घसरलेली दिसे. म्हणजे इंधन प्रत्यक्षापेक्षा लवकर संपेल असं गणित म्हणे. हे लोकांनी पकडलं, लिहिलं, आणि दुरुस्तीला लागले. चूक सापडणं आणि ती छापून सांगणं हा ज्याला घोटाळ्याचा पुरावा वाटतो, त्याने विज्ञानाचं काम कधी जवळून पाहिलेलं नाही.

ऑक्सिजनचा मुद्दा. हा अर्धा खरा आहे, म्हणून अर्धा मान्य करतो. ऑक्सिजन-१६ न्यूट्रॉन घेऊन अल्फा कण बाहेर टाकतो, त्या एका अभिक्रियेच्या मोजमापांत वर्षानुवर्षं तीस टक्क्यांच्या आसपास मतभेद होता. आवृत्त्यांमध्ये तो आकडा खाली-वर झाला हेही खरं. सिएलो नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने जी मोजकी केंद्रकं मुद्दाम निवडून तपासली, हायड्रोजन, ऑक्सिजन-१६, लोह-५६, युरेनियम-२३५ आणि २३८, प्लुटोनियम-२३९, त्यात ऑक्सिजन आहे तो याच कारणांसाठी.

पण तीस टक्के कशाचे? ही अभिक्रिया व्हायला न्यूट्रॉनकडे साधारण २.३५ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, न्यूट्रॉनच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जा लागते. विखंडनातून निघालेल्या न्यूट्रॉनची सरासरी ऊर्जाच सुमारे २ एमईव्ही असते, आणि पाण्यात एक-दोन टकरा झाल्या की बहुतेक न्यूट्रॉन त्या उंबरठ्याच्या खाली येतात. त्यामुळे एकूण न्यूट्रॉनांपैकी फारच थोडे या वाटेने जातात. त्या थोड्यांतल्या तीस टक्क्यांचा भट्टीच्या एकूण हिशोबावर परिणाम होतो तो हजारात एकाच्या आसपास. दाजी, तुम्ही आयुष्यभर हिशोब तपासलेत. एका किरकोळ खात्यातली तीस टक्के तफावत म्हणजे अख्ख्या ताळेबंदातली तीस टक्के तफावत, असं कुणी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का?

आणि ‘बॉम्बसारखी फुटेल’. हे वाक्य वाचून मी खरोखर संतापलो, कारण भीती घालण्यापलीकडे त्याला काही आधार नाही. भट्टी फक्त कागदावरच्या गणिताच्या भरवशावर सुरू करतच नाहीत. न्यूट्रॉन मोजणारे काउंटर पाहत, थांबत थांबत, पायरीपायरीने ती क्रिटिकल अवस्थेकडे, म्हणजे विखंडनाची साखळी आपली आपण चालू राहते त्या अवस्थेकडे नेतात. मग मोजलेलं आणि गणितातलं यांची तुलना होते. अमेरिकेच्या नियमांत गाभ्याची रिॲक्टिव्हिटी अपेक्षित आकड्यापासून एक टक्क्याहून जास्त ढळली तर त्याचं कारण शोधावंच लागतं. ऑक्सिजनचा तो फरक या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाएवढा आहे.

शिवाय साध्या पाण्याच्या भट्टीच्या इंधनात युरेनियम-२३५ तीन ते पाच टक्के असतं. अशा इंधनाचा बॉम्ब होत नाही. विखंडनातले सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन उशिरा निघतात, काही तर मिनिटभराने, आणि त्यामुळेच भट्टी माणसाच्या आणि यंत्राच्या आवाक्यातल्या वेगाने बदलते. इंधन तापलं की युरेनियम-२३८ चे रेझोनन्स पसरतात आणि ते जास्त न्यूट्रॉन गिळतं. हा लगाम पदार्थाच्या गुणधर्मातच आहे, तो कुणाच्या आकड्यावर अवलंबून नाही. भट्टीला अपघात होतात, चेर्नोबिल आणि फुकुशिमा आपण पाहिलं आहे. फुकुशिमात भट्ट्या बंद झाल्या होत्या, पण बंद भट्टीत उरणारी उष्णता काढून नेता आली नाही. धोक्याबद्दल बोलायचं असेल तर त्याबद्दल बोला.

‘उत्तर जुळेपर्यंत आकडे फिरवतात’. इथे मला दात-ओठ खात कबूल करावं लागेल की यात तथ्याचा अंश आहे. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जेझबेल नावाचा प्लुटोनियमचा उघडा गोळा होता आणि गोडिव्हा नावाचा समृद्ध युरेनियमचा. यांचं क्रिटिकल होणं फार अचूक माहीत आहे. प्लुटोनियम-२३९ च्या दर विखंडनाला निघणाऱ्या न्यूट्रॉनांचा आकडा, मोजमापाच्या अनिश्चिततेच्या आत राहून, जेझबेलशी जुळेल असा किंचित सरकवला गेला आहे. यातला धोकाही खरा आहे: एक आकडा थोडा जास्त, दुसरा थोडा कमी, आणि दोन चुका मिळून उत्तर बरोबर. ८.० च्या वेळी जळणाच्या गणितात जे दिसलं, त्यामागे अशा एकमेकींना झाकणाऱ्या चुकांचा हात आहे असं माझं मत आहे.

पण हे चोरून केलेलं नाही, लायब्ररीच्या अहवालांतच लिहिलेलं आहे. आणि सरकवायला मोकळं रान नसतं. ताळा पाहायला एक गोळा नाही, क्रिटिकल प्रयोगांची आंतरराष्ट्रीय हँडबुक आहे आणि तीत हजारो रचना आहेत. एकीकडे जुळवायला गेलात की दुसरीकडे बिघडलेलं दिसतं. आपल्या कल्पाक्कमची युरेनियम-२३३ वर चालणारी कामिनी भट्टीही त्या हँडबुकात आहे. ती १९९६ साली क्रिटिकल झाली आणि थोरियमच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या कुणालाही तिचा आकडा उपयोगी पडतो. मुख्य आकडे किती हलतात तेही बघा. मंद न्यूट्रॉनसाठी युरेनियम-२३५ चं विखंडनाचं क्रॉस सेक्शन ७.१ मध्ये ५८५ बार्न होतं, ८.० मध्ये ५८७ च्या जवळ गेलं. अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

‘प्रयोग कुणी करत नाही’. बेल्जियममधल्या गील इथे गेलिना ही न्यूट्रॉनच्या मोजमापांची यंत्रणा आहे, जिनिव्हाजवळ सर्नमध्ये एन-टॉफ ही तशीच दुसरी आहे, तिथे न्यूट्रॉन १८५ मीटर धावत जातो आणि त्याला लागलेल्या वेळावरून त्याची ऊर्जा काढतात. जगभरच्या मोजमापांची नोंद एक्सफोर नावाच्या संग्रहात होते आणि त्यात वीस हजारांहून जास्त प्रयोग आहेत. फार लांब जायला नको. थोरियमच्या साखळीत येणारं प्रोटॅक्टिनियम-२३३ सत्तावीस दिवसांत निम्मं होतं, त्याचं लक्ष्य बनवून त्यावर न्यूट्रॉन सोडणं महाकठीण. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी त्याचं विखंडन क्रॉस सेक्शन ११.५ ते १६.५ एमईव्ही या पट्ट्यात आडवाटेने, दुसऱ्या अभिक्रियांवरून काढलं. तो प्रयोग मुंबईत, टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) पेलेट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या केंद्रकांवर मोजमाप नाही तिथे मॉडेलचे आकडे घालतात हे खरं आहे. युरेनियम-२३५ हे त्यातलं केंद्रक नव्हे.

‘गुप्त आहे’. नाही. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साइटवरून कुणीही या लायब्ररी फुकट उतरवून घेऊ शकतो. ऑक्सिजन-१६ ची फाइल हवी असेल तर ईएनडीएफ मध्ये मटेरियल क्रमांक ८२५ आणि वादातली ती अभिक्रिया क्रमांक १०७. पंचकार्डाच्या काळातली ८० अक्षरांची ओळ अजून तशीच आहे, नोटपॅडमध्येही उघडते.

टीका करायला या विषयात जागा नाही असं मी म्हणत नाही. भरपूर आहे. प्रत्येक आकड्यासोबत त्याची अनिश्चितता आणि दोन आकड्यांच्या अनिश्चिततांमधला परस्परसंबंध द्यायचा असतो, त्याला कोव्हेरियन्स म्हणतात. तिथे लायब्ररी अजून कच्च्या आहेत. काही केंद्रकांना तो दिलेलाच नाही, काहींना दिलेला पटण्याजोगा नाही. ८.१ च्या अहवालातही यासाठी चांगले निकष आणि तपासण्या आणण्याचं काम हाती घेतल्याचं लिहिलं आहे. भाची याच कोव्हेरियन्सवर काम करते आहे, दाजी. भट्टीच्या गणिताला ‘इतक्या टक्क्यांपर्यंत खात्रीचं’ असं ज्या आधारावर म्हणायचं तो आधार हाच, आणि त्याबद्दल त्या लांबलचक मेसेजमध्ये एक ओळ नाही.